पाऱ्याला झाडू लावू नका



लेकराचा ताप बघताना काचेचा थर्मामीटर हातातून सटकतो. फरशीवर चांदीसारखे गोळे पळायला लागतात. लेकरं ते पकडायला धावतात आणि घरातलं कुणीतरी झाडू उचलतं. चूक होते ती इथेच. झाडूने एका गोळ्याचे शंभर होतात, काही फटीत शिरतात, काही झाडूला चिकटून घरभर फिरतात.

पारा धातू खरा, पण घरातल्या साध्या उष्णतेतही त्याची वाफ होत राहते. तिला ना रंग, ना वास. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ती जास्तच होते. गिळलेला पारा बहुतेक पोटातून तसाच बाहेर पडतो. श्वासातून गेलेल्या वाफेतला मात्र सुमारे 80 टक्के अंगात मुरतो. मेंदू आणि मूत्रपिंडावर त्याचा घाला पडतो. गरोदर बाई आणि लहान लेकरांना धोका अधिक.

तेव्हा असं करा. लेकरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा. अंगठी-बांगड्या काढा; पारा सोन्याला कसा धरतो ते सोनाराला विचारा. जुन्या लग्नपत्रिकेचे दोन तुकडे घेऊन गोळे एकमेकांकडे ढकला, ते आपोआप एक होतात. मग बॅटरीचा उजेड जमिनीलगत आडवा टाका. राहिलेले थेंब चमकतील, ते चिकटपट्टीने उचला. जमीन सारवलेली असेल तर तेवढा पोपडा खरवडून घ्या. सगळं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा, वर थोडं पाणी घाला आणि बाटलीवर ‘पारा’ लिहा. मोरीत ओतू नका, चुलीत तर मुळीच टाकू नका. बाटलीचं पुढे काय करायचं, ते आरोग्य केंद्रात विचारा.

पारा फक्त थर्मामीटरमध्येच नसतो, कोळशातही किंचित असतो. पारससारख्या औष्णिक वीजकेंद्रात हजारो टन कोळसा जळतो, तेव्हा हा पारा धुरावाटे वर जातो. 2015 साली केंद्र सरकारने अशा केंद्रांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या पाऱ्यावर घनमीटरमागे 0.03 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. शास्त्रज्ञांनी उपायही शोधले आहेत: राखेला चिकटलेला पारा राखेबरोबर पकडता येतो, पाण्यात विरघळणारा पारा चुन्याच्या पाण्याने धूर धुताना उतरतो. सर्वांत जड जातं ते निव्वळ पाऱ्याच्या वाफेला धरणं. त्यासाठी धुरात खास कोळशाची भुकटी फवारावी लागते. निसटलेली वाफ महिनोन् महिने हवेत फिरते आणि पावसाबरोबर तळ्यात उतरली की मासळीत साठते.

थर्मामीटरमधून निघते ती नेमकी हीच वाफ. आणि आपल्या उकिरड्याला ना धुराडं, ना सापळा. तिथे कचऱ्याबरोबर पारा असलेल्या ट्यूबलाइट, सीएफएल बल्ब आणि घड्याळाचे जुने सेल पेटवले की धूर थेट आपल्या नाकाशी येतो. म्हणून हा कचरा जाळू नका, वेगळा ठेवा. गावासाठी एक पिंप ठेवून तो तालुक्याला पोचवण्याची सोय ग्रामपंचायतीकडे मागा. असा बल्ब फुटला तर खिडकी उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, मगच काचा उचला.

आता गोरं करणाऱ्या क्रीमचं. अकोल्यात एकाच घरातल्या तिघांची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांना त्या क्रीममध्ये पारा सापडला; 2023 च्या सुरुवातीला ही बातमी आली होती. ज्या डबीवर कंपनीचा पत्ता, बॅच नंबर आणि घटकांची यादी नाही, ती घेऊच नका. यादीत ‘मर्क्युरी’ म्हणजे पारा किंवा ‘कॅलोमेल’ हा त्याचा क्षार दिसला तरी परत करा. आठ दिवसांत रंग उजळतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, कशाने?

भारताने 2018 मध्ये पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार मंजूर केला, त्याच वर्षी उसाच्या बेण्याला लावायच्या पारायुक्त औषधावरही बंदी आली. सरकारी कागदावर पारा मागे हटतो आहे. आपल्या घरातून तो आपणच हटवायचा.

आज संध्याकाळी तीन जागा बघा: औषधांचा डबा, आरशासमोरचा कप्पा आणि धान्याची कोठी. कीड लागू नये म्हणून गव्हात पाऱ्याच्या गोळ्या ठेवल्या असतील तर काढा. कडक ऊन आणि कडुनिंबाचा वाळला पाला आपल्याकडे आहेच. थर्मामीटर काचेचा असेल तर डिजिटल आणा. जुना मात्र फेकू नका. फुटायच्या आधी कापडात गुंडाळून घट्ट डब्यात ठेवा. काचेच्या नळीत आहे तोवरच पारा आपल्या हातात आहे.