शेतातल्या गोठ्याला ‘एनए’ कशाला?



चाळीसगावच्या कोरडवाहू शिवारात पत्र्याचा गोठा उभारायला निघालो की आम्हाला दटावतात, ‘एनए कुठंय?’ 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता काढा. कलम 41 म्हणते, शेतात शेतघर बांधणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. गुरे, अवजारे, खत, चारा, शेतमाल यांचा निवारा त्यातच येतो. 1986 च्या दुरुस्तीने परवानगी लागते ती शहरांच्या हद्दीत, लगतच्या पट्ट्यात आणि नियोजन क्षेत्रात. आपले शेत त्यात आहे का, एवढे आधी तपासा.

नसेल, तर दबू नका. उद्या ज्वारी राखायच्या मचाणालाही परवाना मागतील! निवारा नसला की कडबा कुजतो, कापूस मिळेल त्या भावाने जातो. दटावणाऱ्याला एकच सांगा: कोणते कलम, ते लेखी द्या!