चिंधी बांधलेला दुधी

जूनच्या तोंडावर तलासरीच्या बाजारात बियांच्या दुकानापुढे थोडा वेळ उभं राहावं. पावसाळी परसात काय लावायचं याचा निकाल तिथे दोन मिनिटांत लागतो आणि बहुतेक वेळा चुकीचा लागतो. मागे एकदा माझ्या पुढे पाड्यावरची एक बाई उभी होती, सोबत वापीला कारखान्यात जाणारा मुलगा. तिने दुधीचं साधं पाकीट उचललं. दुकानदार म्हणाला, "मावशी, ते नको. हे हायब्रीड न्या. चार पैसे जास्त पडतील, पण माल बघाल." मुलाने मान डोलावली. तिने एवढंच विचारलं, "याचं बी धरता येईल का?" दुकानदार हसला. "बी कशाला धरायचं? पुढच्या वर्षी आम्ही आहोत ना!"

त्या हसण्याला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. ते आता देतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो अगदीच पोकळ नाही. डहाणू तालुक्यात वाणगाव पट्ट्यात मिरची आणि ढोबळी मिरची करणारे शेतकरी संकरित बी घेतात, आणि ते न घेतील तर वेडे ठरतील. मुंबईच्या बाजाराला एका आकाराचा, एका रंगाचा, टेम्पोत चेंगरला तरी टिकणारा माल हवा असतो. संकरित वाणात जोम असतो, तोडे भरघोस येतात, काही रोगांशी टक्कर घेण्याची ताकदही आत घातलेली असते. त्याची किंमतही सगळी नफेखोरी नव्हे. टोमॅटोचं किंवा वांग्याचं संकरित बी करायचं तर फूल उमलण्याआधी त्यातले पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात आणि दुसऱ्या झाडाचा पराग हाताने लावावा लागतो. जालन्याकडे हजारो हात हेच काम करतात. त्या मजुरीचा पैसा पाकिटात असतोच.

पण हा सगळा युक्तिवाद बाजारासाठी पिकवणाऱ्याचा आहे. घरामागच्या दोन गुंठ्यांना तो लागू पडत नाही. शेतकऱ्याला माल एकदम हवा, घराला तो रोज थोडा हवा. घरातली पाच माणसं एका आठवड्यात बारा दुधी खाणार आहेत का? मांडवावरचा एक वेल श्रावणापासून दिवाळीपर्यंत चार-चार दिवसांनी एक फळ देत राहिला, तर तोच घरचा खरा 'जोम'. फळ जरा वाकडं निघालं तर चुलीला फरक पडत नाही. म्हणजे ज्या गुणांसाठी आपण जास्त पैसे मोजतो, त्यांतले निम्मे आपल्या उपयोगाचेच नाहीत. ट्रकचा टायर सायकलला बसवण्यातली ही गत.

दुसरी गोष्ट त्या बाईने विचारलीच होती. संकरित फळातलं बी धरून पेरलं की पुढच्या पिढीत गुण फुटतात. मेंडेलने वाटाण्यावर दाखवलं तेच दुधीवर होतं: एक वेल आजीवर जातो, एक आजोबावर, एक कुणावरच नाही. बी उगवतं, पण पहिल्या वर्षीचा दुधी परत येत नाही. म्हणून ते पाकीट एकदाचं नसतं, ते दरवर्षीचं असतं. वीस रुपयांना घेतलेलं बी पाच वर्षांत शंभर रुपयांचं होतं, हा हिशेब दुकानात कुणी करत नाही. तिने केला होता.

आता 'गावठी' पक्षाने टाळ्या वाजवू नयेत. डहाणूच्या वाड्यांवर शनिवार-रविवार येणारी काही मंडळी आता कुरिअरने 'वारसा बियाणं' मागवतात. सुंदर कागदी पाकीट, वर हाताने काढल्यासारखं चित्र, आत दहा बिया आणि किंमत अशी की तेवढ्यात तीन आठवड्यांची भाजी यावी. जुनं म्हणजे चांगलं, हे 'महाग म्हणजे चांगलं' याचंच धुतलेलं रूप आहे. कोरड्या हवेतल्या कुठल्या तरी गावी पिढ्यान् पिढ्या रुळलेलं बी आमच्या दोन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणाऱ्या पावसात वाफ्यातच कुजतं. आणि पाकिटावर उगवणीचा आकडा नसेल तर ते बी जिवंत आहे की नुसतं देखणं आहे, हे कळणार कसं? (माझ्या एका स्नेह्याने असल्या दहा बियांतून एक वेल उगवून दाखवला. त्या वेलाला त्याने नाव ठेवलं. ठेवायलाच हवं होतं, तेवढा खर्च झाला होता.)

मुळात संकरित की गावठी, हा वादच अर्धा खोटा आहे. मधला तिसरा गडी कुणी मोजत नाही, तो म्हणजे सुधारित सरळ वाण. भेंडीचंच पाहा. दिल्लीच्या पुसा संस्थेत डॉ. हरभजन सिंग यांनी 'पुसा सावनी' काढली. जालन्याच्या बद्रीनारायण बारवालेंनी १९६० च्या सुमारास आपला बियाण्यांचा धंदा उभा केला तो याच भेंडीच्या बियांवर, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तोवर त्या धंद्याची मोठी कंपनी झाली होती. पुढे पिवळ्या शिरांच्या केवडा रोगाने पुसा सावनीला गाठलं. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचा रानटी भाऊबंदाशी संकर करून, निवडत निवडत 'परभणी क्रांती' स्थिर केली. ती १९८५ च्या सुमारास शेतात आली. ती केवड्याला फारशी दाद देत नव्हती, आणि तिचं बी घरी धरता येत होतं. म्हणजे विज्ञानही आहे आणि बीही आपलंच आहे. दापोलीच्या विद्यापीठाने कोकणच्या पावसासाठी असेच सरळ वाण दिले: कारल्याचा 'कोकण तारा', दोडक्याचा 'कोकण हरिता', पडवळाचा 'कोकण श्वेता'. राहुरीच्या विद्यापीठाचा 'सम्राट' दुधीही त्याच जातकुळीतला. मग हे दुकानात पुढे का मांडलेले नसतात? माझा तर्क साधा आहे: जे बी एकदाच विकलं जातं ते विकण्यात दुकानाला गोडी नसते. आमच्याकडे कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. दुकानात जाण्याआधी तिथे एक फेरी मारायला हरकत नाही.

पाकीटच घ्यायचं असेल तर चित्र पाहू नये, मागची बाजू वाचावी. कायद्याने लेबलावर उगवणीची टक्केवारी, तपासणीची तारीख आणि वापराची मुदत असावी लागते. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी, सत्यप्रत बियाण्याची हिरवी. सरकारी किमान मर्यादा माहीत असाव्यात: भेंडीला ६५ टक्के, वांगी-टोमॅटोला ७०, मिरचीला ६०, दुधी-काकडी-कारल्यालाही ६०. उघड्या डब्यातून चिमूटभर काढून पुडीत बांधून दिलेल्या बियांना यातलं काहीच नसतं. तिथे स्वस्ताई भ्रमाची असते. समजा, पाकिटातल्या वीस रुपयांच्या पन्नास बियांपैकी तीस उगवल्या, तर रोप सत्तर पैशांच्याही आत पडलं. पुडीतल्या दहा रुपयांच्या तीस बियांपैकी सहा उगवल्या, तर रोप दीड रुपयाच्या वर गेलं. भाव पाकिटाचा नव्हे, रोपाचा विचारावा. पावती घ्यावी, ती देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. आणि गुलाबी-लाल रंग लावलेलं बी विषारी औषध चोळलेलं असतं, ते कोंबड्यांपुढे टाकू नये.

एक खोट घरच्या हिशेबातही आहे, तीही सांगितली पाहिजे. भेंडीच्या एका ग्रॅममध्ये पंधरा-सोळा बिया असतात. दहा ग्रॅमच्या पाकिटात दीडशे होतात आणि घराला वीस-पंचवीस झाडं पुरतात. उरलेलं बी आढ्याला खोचून ठेवतात. आमच्या दमट हवेत ते पुढच्या जूनपर्यंत निम्मं मेलेलं असतं. बियाणंशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: बियातला ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचं आयुष्य सुमारे दुप्पट होतं. आपल्या आज्या बी राखेत ठेवत, शेणाच्या गोवरीत थापून भिंतीला लावत, चुलीच्या धुरावर टांगत, ते याच नियमाने. राख ओल शोषते आणि किड्यालाही नकोशी होते. तेव्हा एक पाकीट पाच घरांनी मिळून घ्यावं, हे सगळ्यांत स्वस्त.

आता माझा स्वतःचा पराभव. चार वर्षांपूर्वी मी एका देखण्या दुधीचं बी मोठ्या अभिमानाने धरलं. पुढच्या वर्षी दोन वेलांची फळं कडू जहर निघाली. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि रात्रीचे पतंग परागाची ने-आण करतात. शेजारच्या कुंपणावर तारपा वाद्य करण्यासाठी राखलेला भोपळ्याचा वेल होता. तोही दुधीचाच भाऊ, फक्त चवीसाठी नव्हे, आकारासाठी वाढवलेला. माझ्या फळाची चव त्या वर्षी गोडच राहिली, पण बियांत भेसळ शिरली होती. कडू दुधी 'औषधी' म्हणून रस काढून पिण्याचा वेडेपणा कुणी करू नये, त्याने माणसं आजारी पडली आहेत आणि दगावलीही आहेत. मग 'गावठी बी नको' असं म्हणायचं का? नाही. संध्याकाळी मादी कळी उमलायच्या आत तिला दोऱ्याने बांधायचं, नर फूल हाताने लावायचं, पुन्हा बांधायचं आणि देठाला चिंधी अडकवायची. एवढं काम पाच मिनिटांचं आहे. चिंधी दिसली की त्या फळाला घरातल्या कुणी हात लावायचा नाही.

सगळ्या भाज्यांना एवढा सोपस्कार लागत नाही, आणि इथेच खरी बचत आहे. वाल, घेवडा, टोमॅटो यांची फुलं बहुतेक स्वतःच फळतात, वांगीही बरीचशी, त्यामुळे शेजारच्या वाणाची भेसळ कमी होते. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे इतके वाण घरी टिकवले आणि त्या २०२० च्या पद्मश्रीपर्यंत पोहोचल्या, त्यामागे त्यांची चिकाटी आहेच, पण वालाच्या फुलाचा हा स्वभावही आहे. ही बियाणी विकत घेण्यासारखी मूर्खपणाची गोष्ट नाही. उलट कोबी, फुलकोबी, ढोबळी मिरची हवी असेल तर बी धरण्याच्या भानगडीत पडूच नये, रोपवाटिकेतून सहा संकरित रोपं आणावीत. तत्त्वासाठी उपाशी राहण्यात अर्थ नाही. आणि शेवगा, मायाळू, अळू, कोनफळ यांना तर बीच लागत नाही. फांदी, वेलीचा तुकडा, कंद शेजाऱ्याकडून मागून आणला की झालं.

एक चूक मात्र घरोघरी होते: चांगली भेंडी आपण खातो आणि शेवटची किडकी, वाकडी शेंग बियाला ठेवतो. मग दहा वर्षांनी 'गावठीत दम राहिला नाही' म्हणतो. दम आपणच खाऊन टाकलेला असतो. बियाला पहिली दोन-तीन जोमदार झाडं राखायची, शेंग झाडावरच वाळू द्यायची. दुधी हलवला की आत बी खुळखुळलं पाहिजे. मे महिन्यात वीस बिया ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या. आठवड्याने चौदा-पंधरांना मोड आले तर दुकानात जायचं कारण नाही.

कारलं असं वेलावर वाळायची मात्र वाट बघत बसू नये. फळ नारिंगी झालं की ते आपणहून उकलतं, आत लाल, गोड गर असलेलं बी दिसतं, आणि त्या गराची चव आपल्याआधी बुलबुलाला माहीत असते. नारिंगी छटा दिसली की त्याच सकाळी तोडायचं.