ऋणकोंचे मंडळ

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी एका वस्तीतल्या फराळवाटपाला पाहुणा म्हणून गेलो होतो. चार चकल्या, दोन करंज्या, मूठभर शंकरपाळे आणि उटण्याची पुडी, असे पाकीट. देणाऱ्याने ते पुढे करायचे, घेणाऱ्याने हात लावायचा आणि फोटो निघेपर्यंत दोघांनी तसेच थांबायचे. फोनवाला मुलगा जरा संथ होता. एका आजीने पाकिटाला हात लावून बराच वेळ वाट पाहिली आणि विचारले, ‘‘झाला का रे बाबा? घेऊ का आता?’’ सगळे हसले. मीही हसलो. मग वहीत तिचा अंगठा घेतला गेला. रकान्याच्या डोक्यावर लिहिले होते ‘लाभार्थी’.

यंदाच्या अंकाचा विषय त्या रकान्यातून निघाला : समाजकार्यातली सत्ता. हे दोन शब्द शेजारी ठेवले की कार्यकर्ते दुखावतात. पगार तुटपुंजा, पायपीट रोजची, आणि वर हे ऐकायचे! त्यांचे चुकते असे नाही. पण गृहभेटीला गेलेल्या ताई आठवून पाहा. घरातली एकुलती एक खुर्ची त्यांना मिळते, शेजारून दूध आणून चहा होतो. ताई विचारतात, कमाई किती, नवरा पितो का, धाकट्यावर ऑपरेशन करून घेतले का. समोरची बाई सगळे सांगते. ताईंचा पगार किती, त्यांचे घरी पटते का, हे तिने विचारले तर? विचारत नाहीच ती. खुर्ची नाकारून जमिनीवर बसले की प्रश्न सुटतो, असेही मला वाटत नाही. त्याचाही फोटो निघतो.

या चौकशीला कायद्याचे बळ मिळाले की तिचे वजन बदलते. मुंबईचा १९५९ चा भीकप्रतिबंधक कायदा घ्या. उदरनिर्वाहाचे दिसेल असे साधन नसताना रस्त्यावर भटकणेही त्याच्या व्याख्येत बसते. पकडलेल्या माणसाला पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात डांबता येते, आणि त्याआधी न्यायालय परिवीक्षा अधिकाऱ्याकडून चौकशी अहवाल मागवू शकते. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्याची बरीच कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. अहवाल लिहिणारा हात कनवाळू असेलही. तरी एक माणूस लिहितो आणि दुसऱ्याची वर्षे त्यावर ठरतात.

ही तक्रार हल्लीच्या परिसंवादांतून आलेली नाही. येरवड्याच्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. पाठोपाठ अस्पृश्यतानिवारणासाठी देशव्यापी संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्करबाप्पा. नोव्हेंबरात तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना लांबलचक पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे असे : माणसाची दैना त्याच्या दुर्गुणांमुळे झाली असे मानले की तुम्ही त्याला दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये देता. ती परिस्थितीमुळे झाली असे मानले तर परिस्थितीलाच हात घालावा लागतो. म्हणून संस्थेने गावच्या विहिरीवर, शाळेत, चावडीत, सार्वजनिक वाहनांत हक्क बजावण्याची मोहीम उघडावी. गिरण्यांचे विणकामखाते अस्पृश्यांना बंद आहे, ते उघडावे. सवर्णांच्या घराची दारे उघडावीत. आणि कामाला माणसे घ्याल ती बव्हंशी ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्यातलीच घ्या, कारण आपलेपणा पगारावर येत नाही.

या पत्राची पोचही आली नाही, असे आंबेडकरांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. ते संस्थेतून बाहेर पडले. मंडळावर अस्पृश्य का नाहीत, असे पुढे गांधीजींना विचारले गेले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले ते असे : हे मंडळ सवर्णांच्या प्रायश्चित्तासाठी आहे, ऋणकोंचे आहे, धनकोंनी त्यात कशाला बसावे?

युक्तिवाद देखणा आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी भुललो होतो. ठक्करबाप्पांच्या तळमळीवर तर बोट ठेवायला जागाच नाही. मुंबई नगरपालिकेतली इंजिनिअरची नोकरी सोडून आलेला माणूस. पण कर्ज किती, कशात आणि कधी फेडायचे हे ऋणकोनेच ठरवायचे आणि धनकोने ओट्याखाली थांबायचे, असा व्यवहार कुठल्या पेढीवर चालेल? अशा धनकोला धनको म्हणत नाहीत. त्याला लाभार्थी म्हणतात.

चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची देशातली पहिली शाळा उघडली. आज समाजकार्याची महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बोटीवरचे ते पत्र तिथे पहिल्या तासाला मोठ्याने वाचले जावे, अशी माझी इच्छा आहे.

धनको मंडळावर बसले की काय होते, ते पाहायला सांगली गाठावी. तिथे १९९२ पासून ‘संग्राम’ ही संस्था एड्सप्रतिबंधाचे काम करत होती. वेश्याव्यवसायातल्या बायाच एकमेकींना निरोध वाटू लागल्या, आणि १९९६ मध्ये त्यांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. ‘सुटका’ हा शब्दच त्यांनी उलटा धरला : आम्हाला न विचारता छापा घालून नेता, त्याला सुटका कशी म्हणायची? त्यांची सगळी मते मला पटतात असे नाही. माझ्या पटण्यावर त्यांचे काही अडत नाही, हे मात्र बरे झाले.

आता घरची गोष्ट. या अंकासाठी आम्ही लेखकांची पहिली यादी केली, तिच्यात अकरा नावे होती : संस्थाचालक, प्राध्यापक, एक निवृत्त सनदी अधिकारी. ज्यांच्या दारात हे सगळे जाऊन आले त्यांच्यातले एकही नाव नव्हते. ते लक्षात आणून दिले आमच्या जुळणी करणाऱ्या सहकाऱ्याने, संपादक मंडळाने नव्हे. मग धावपळ झाली. ‘लिहिता येत नसेल त्यांच्याकडून ऐकून लिहू’ असे ठरले आणि सहा कथने मिळाली. त्यांतले एक कचरा वेचणाऱ्या बाईंचे आहे. दोन दुपारी त्या बोलल्या, आमची सहकारी टिपत गेली. तिसऱ्या भेटीत मजकूर वाचून दाखवल्यावर त्यांनी दोन वाक्ये काढायला लावली, ‘रडका’ हा शब्द खोडायला लावला आणि विचारले, ‘‘लिहिणाऱ्याला पैसे देता ना तुम्ही? मग सांगणाऱ्याला काय?’’

मानधनाची यादी तोवर छापून झाली होती. ती पुन्हा केली.