पत्ते वाटण्याचा अधिकार कोणाचा?

चेन्नईजवळ कोवलमला बसून हे लिहितो आहे. याच शहरातील सी-डॅकच्या केंद्रातून २००७ साली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली आली. तरीही सरकारी कार्यालयात कोणतीही प्रणाली बसवायची म्हणजे ठेकेदाराचा माणूस पेन ड्राइव्ह घेऊन टेबलोटेबली फिरणार!

वास्तविक सुरू होताच संगणक जाळ्यावर हाक देऊ शकतो: मला पत्ता द्या. डीएचसीपी सर्व्हर मुदतीचा पत्ता देतो, प्रारंभिक फाइल कोठून घ्यावी तेही सांगतो. पुढची प्रणाली आपोआप बसते. या मुदतीस ‘लीज’ म्हणतात. महसुलात उमेदवारी केलेल्यास भाडेपट्टा शिकवावा लागू नये. बाहेर राहून संगणकक्षेत्रात स्थिरावलेल्या वाचकांना तर हे पाठच असेल.

“तांत्रिक बाब आहे, ठेकेदार पाहील” हे वाक्य बैठकांत ऐकून आता चीड येते. नेहमीच्या मांडणीत संगणक उत्तर देणाऱ्याची ओळख विचारीत नाही. बहुधा पहिल्या उत्तरावरच विसंबतो. कोणी घरचा राउटर चुकीचा जोडला, तरी निम्मे कार्यालय भलत्या पत्त्यांवर जाते. हेतू वाईट असेल, तर आपल्या यंत्रांवर परक्याची प्रणाली उठते. असे उत्तर स्विचच्या कोणत्या दारातून येऊ द्यावे, हे ठरविता येते. पण ठरविणार कोण? कार्यालयाचा शिक्का आपण ठेकेदाराच्या खिशात ठेवतो काय?

सर्व्हरचा परवलीचा शब्द, मांडणीच्या फाइलची प्रत आणि कोणत्या यंत्रास कोणता पत्ता केव्हा दिला याची नोंदवही कार्यालयप्रमुखाच्या ताब्यात हवी. ती मिळाल्याची पोच नस्तीत लागेपर्यंत ठेकेदाराचे अंतिम देयक मंजूर होऊ नये.