मग विमान कोण उडवत होते?

विमान कोसळते, चौकशी होते, ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा येतो आणि बहुतेकांच्या लेखी प्रकरण मिटते. शेरा खोटा नसतो. पण त्याचा ‘वैमानिक निष्काळजी होता’ असा जो अर्थ लावला जातो तो चुकीचा आहे, आणि पुढच्या प्रवाशांच्या जिवावर उठणारा आहे. असा अर्थ लावणाऱ्यांना सर्वांत सोयीचे उदाहरण मीच देतो.

२९ डिसेंबर १९७२. ईस्टर्न एअर लाइन्सचे ४०१ क्रमांकाचे उड्डाण न्यूयॉर्कहून येऊन मायामीला उतरण्याच्या बेतात होते. विमान लॉकहीड ट्रायस्टार, जवळजवळ नवेकोरे. चाके सोडली, पण पुढचे चाक पक्के बसल्याचे सांगणारा हिरवा दिवा लागला नाही. कॅप्टनने उतरणे रद्द केले, विमान २००० फुटांवर नेले, ऑटोपायलट लावायला सांगितला आणि फ्लाइट इंजिनिअरला चाक डोळ्यांनी पाहून यायला कॉकपिटच्या खालच्या कप्प्यात धाडले. सहवैमानिकाने दिव्याचे झाकण काढले, पण परत बसवताना ते आडवे अडकले, तेव्हा कॅप्टनही त्यात गुंतला. कंपनीचा एक देखभाल-तज्ज्ञ कॉकपिटमध्ये होता, तोही मदतीला खाली उतरला. या धांदलीत कंट्रोल कॉलमला धक्का लागून उंची धरून ठेवणारी सोय सुटली असावी. विमान इतके हळूहळू खाली जाऊ लागले की अंगाला जाणवलेच नाही. खाली एव्हरग्लेड्सची दलदल, आकाशात चंद्र नाही, जमिनीवर दिवा नाही. उंची २५० फुटांनी घटल्याचा इशारा वाजला तो इंजिनिअरच्या जागेपाशी, आणि इंजिनिअर तर खाली होता. नियंत्रकाला रडारवर ९०० फूट दिसले. त्याने विचारले ते एवढेच, की तुमचे कसे काय चालले आहे? काही क्षणांत विमान दलदलीत आदळले. विमानातल्या १७६ पैकी १०१ जण गेले. चाक व्यवस्थित बसलेले होते. जळाले होते ते दिव्यातले बल्ब.

आता यात हयगय कुठे दाखवता येते? चौघेही काम करत होते, तेही मन लावून. उतरणे रद्द करणे बरोबर, ऑटोपायलट लावणे बरोबर, चाक पाहायला माणूस पाठवणे बरोबर. शेवटची चार मिनिटे उड्डाणाच्या यंत्रांवर देखरेख राहिली नाही, हा चौकशीचा निष्कर्षही बरोबर. पण ‘तू फक्त विमानाकडे बघ, दिव्याचे आम्ही पाहतो’ हे वाक्य कॉकपिटमध्ये कुणी उच्चारले नव्हते. चार माणसे जीव ओतून एकाच बिघाडामागे लागलेली असताना त्यांना आणखी काळजी घ्या म्हणून काय साधणार? लक्ष देणे हा स्वभावाचा गुण मानला की हाती उपदेश तेवढा उरतो. ते वाटून द्यायचे काम मानले, तर कुणाकडे दिले होते असे विचारता येते, आणि ‘कुणाकडेच नाही’ हे उत्तर सापडते.

दुसरा पक्ष म्हणतो, माणूस चुकतो तर यंत्रावर सोपवा. ४०१ मध्ये ऑटोपायलट होताच. तो विमान सांभाळतो आहे या भरवशावरच सगळे दिव्याकडे वळले. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ व्या उड्डाणात वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचले, ऑटोपायलट सुटला आणि ऐन गोंधळात विमान माणसांच्या हाती आले. चार-साडेचार मिनिटांत ते अटलांटिक महासागरात कोसळले, २२८ माणसांसह.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे: मग बिघाडाकडे पाहायचेच नाही का? पाहायचे, पण एकाने. १९७८ च्या डिसेंबरात पोर्टलंडवर युनायटेडचे १७३ वे उड्डाण चाकांच्या शंकेपायी सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून पडले. दहा जण दगावले. इंधन घटत असल्याचे कॉकपिटमध्ये बोलले गेले होते, पण ते पुरेशा ठामपणे कॅप्टनच्या कानी पडले नाही. उलट ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० चे इंजिन हवेत फुटले, पडद्यावर बिघाडांच्या सूचनांची रीघ लागली. कॅप्टनने विमान सांभाळले, सहवैमानिक त्या सूचना एकेक करून निपटत राहिला, आणि ४६९ जण सुखरूप उतरले. कॉकपिटमध्ये पाच वैमानिक होते हे त्यांचे भाग्य खरे. पण ४०१ मध्येही माणसांची वाण नव्हती.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जाणारे उदाहरण मुंबईचेच आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ उड्डाणानंतर शंभरेक सेकंदांत वांद्र्यासमोर समुद्रात गेले. २१३ जणांपैकी एकही वाचला नाही. तिथे कॅप्टन विमानच उडवत होता, समोरच्या यंत्राकडेच पाहत होता, आणि विमानाचा कल दाखवणारे ते यंत्रच बिघडले होते. उजवीकडे कललोय असे समजून तो विमान डावीकडे आणखी आणखी वळवत गेला. सहवैमानिकासमोरचे यंत्र चालू होते, तिसरे राखीवही होते. त्या यंत्रावर जाऊ नका, असे फ्लाइट इंजिनिअरने सांगितलेही. म्हणजे उडवणारा नेमला, एवढ्यावर भागत नाही. त्याच्यावर नजर ठेवणाराही नेमलेला हवा, आणि आज इंजिनिअरची खुर्चीच उरलेली नसताना ते काम सहवैमानिकाकडे येते. त्याला नुसते बोलण्याची मुभा देऊन चालणार नाही. दोनदा सांगूनही कॅप्टनचा हात बदलला नाही, तर ‘कंट्रोल माझ्याकडे’ म्हणून विमान हाती घेण्याचा हक्क त्याला स्पष्ट शब्दांत मिळाला पाहिजे, सिम्युलेटरमध्ये तो अंगवळणी पडला पाहिजे, आणि तो बजावल्याबद्दल जमिनीवर उतरल्यावर त्याच्यावर कारवाई होता कामा नये.