सेटवर पडलेला माणूस कोणाचा?

सप्टेंबर 2025 मध्ये हैदराबादेत एका जाहिरातीच्या चित्रीकरणात तेलुगू नट ज्युनिअर एनटीआर किरकोळ जखमी झाले. देशभर बातमी झाली. 27 जानेवारी 1984 रोजी लॉस एंजलिसला पेप्सीच्या जाहिरातीत मायकेल जॅक्सनच्या केसांनी पेट घेतला, ती हकिगत तर जग अजून सांगते. नटाच्या वेदनेची आम्ही थट्टा करीत नाही. पण त्याच्या मागच्या रांगेत नाचणारा पोरगा पडला तर त्याची बातमी होते काय?

घोडबंदर रोडला हा प्रश्न परका नाही. येथे मालिकांचे सेट आहेत, चित्रीकरणाला भाड्याने जाणारे बंगले आहेत. गर्दीत उभी राहणारी, दिवे वाहणारी माणसे ठाणे-कल्याणच्या वस्त्यांतून रोजावर येतात. मध्ये एक को-ऑर्डिनेटर, हजेरी त्याच्या वहीत. हाड मोडले की पहिला प्रश्न, 'याला आणला कोणी?' आणि दवाखान्याची वाट याच रस्त्याने. त्याची कोंडी वाचकांना आम्ही काय सांगावी!

कायदा नव्हता असे नाही. 1981 चा सिने-कामगार कायदा होता. पण त्याच्या व्याख्येतून जाहिरातपट चक्क नाव घेऊन वगळला होता. तोच नर्तक, तोच सेट. सोमवारी चित्रपट असेल तर तो कामगार, मंगळवारी साबणाची जाहिरात असेल तर कोणीच नाही. गावकुसाची रेघ कलमातही ओढता येते ती अशी. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो कायदा मोडीत काढला. या संहितेत दृक्-श्राव्य निर्मितीत जाहिरातही धरली आहे. कामगाराशी लेखी करार करून तो नोंदविण्याची अट आहे. (कामगार संहितांवर आमचे आक्षेप पुष्कळ आहेत, ते पुन्हा कधी.)

येथे आपल्या घरातही डोकावले पाहिजे. 13 जुलै 2025 रोजी तामिळनाडूत पा. रंजित यांच्या 'वेट्टुवम'च्या चित्रीकरणात मोटारीचा स्टंट करताना एस. एम. राजू हे कलावंत मरण पावले. रंजित यांच्यावरही गुन्हा नोंदला गेला. सर्व काळजी घेतली होती, असे त्यांनी सांगितले. असेलही. पण 'काला'तली धारावी आणि निळाई पाहून टाळ्या वाजविणाऱ्यांनी, दिग्दर्शक आपला म्हणून, मेलेल्या कामगाराविषयी गप्प बसावे हे आम्हांस मान्य नाही. तोही आपलाच होता.

अक्षय कुमार यांच्या पुढाकाराने सुमारे साडेसहाशे स्टंट कलावंतांचा विमा उतरविला गेला. चांगलेच झाले. पण बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते, तेव्हा त्यांनी मजुरांसाठी कोणाची दानत मागितली नाही, कायदे केले.

जाहिरात दोन दिवसांत आटोपते, तिसऱ्या दिवशी सेट मोडलेला असतो. तक्रार आल्यावर निघणारा निरीक्षक तेथे काय पाहणार? ठाण्याच्या कामगार कार्यालयाने चित्रीकरण चालू असतानाच घोडबंदरला जाऊन करार मागावेत. आणि आमच्या वस्तीतून उद्या पहाटे जे निघतील, त्यांनी को-ऑर्डिनेटरचा नव्हे, कंपनीचा कागद आधी मागावा. तो नसेल तर निदान कंपनीचे नाव घरी लिहून ठेवून निघावे.