आकाशवाणी आणि श्रोत्याचें उत्तर

वसुदेव-देवकीच्या विवाहाची वरात निघाली होती, कंस स्वतः बहिणीचा रथ हांकीत होता, आणि एकाएकीं आकाशांतून वाणी झाली कीं हिचा आठवा पुत्र तुझा काळ होईल. ही कथा आपल्या घरांतील लहान मुलांनाहि ठाऊक असते. तथापि तींतील एका गोष्टीकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. ती वाणी बोलली, कंसानें ऐकिली, आणि संभाषण तेथेंच संपलें. कंसाला उलट प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. बोलणारा दिसत नाहीं म्हणून त्याला अडवितां येत नाहीं, आणि अडवितां येत नाहीं म्हणूनच त्याच्या शब्दाला अधिक वजन येतें. संस्कृतांत अशा वाणीस ‘अशरीरिणी’ म्हणतात तें फार यथार्थ आहे.

आपल्या देशाच्या रेडिओला हेंच नांव मिळालें. १९३५ सालीं म्हैसूर येथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम्. व्ही. गोपालस्वामी यांनीं स्वतःच्या हौसेनें एक लहानसें केंद्र चालविलें व त्याला ‘आकाशवाणी’ म्हटलें. पुढें तेंच नांव सरकारनें साऱ्या देशासाठीं घेतलें. आम्हां मराठी माणसांत त्यापूर्वीं ‘नभोवाणी’ हा शब्द रूढ होता. नांव कोणतेंहि घ्या, कंसाचा प्रश्न उरतोच: वरून बोललेल्या शब्दाला खालच्या माणसानें उत्तर द्यावें कसें? या संस्थेचा शंभर वर्षांचा इतिहास मला तरी या एकाच प्रश्नाचा इतिहास वाटतो.

प्रारंभ मुंबईचाच आहे. १९२३ च्या जून महिन्यांत तेथील रेडिओ क्लबानें हौशी कार्यक्रम प्रक्षेपित केले. पुढें २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’चें मुंबई केंद्र उघडण्यांत आलें व ऑगस्टमध्यें कलकत्त्याचें. यंत्रें अवघीं दीड किलोवॅट शक्तीचीं. आवाज सुमारें तीस मैलांपर्यंत नीट पोहोंचे. परवान्याची फी वर्षाला दहा रुपये होती, आणि त्या काळीं दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती. परवानाधारकांची संख्या साऱ्या देशांत आठ हजारांपर्यंतहि गेली नाहीं. व्हायचें तेंच झालें. १ मार्च १९३० रोजीं कंपनीचें दिवाळें निघालें. पुढच्याच महिन्यांत सरकारनें तें काम प्रयोगादाखल आपल्या हातीं घेतलें. परंतु तोटा पाहून १९३१ च्या ऑक्टोबरांत तेंहि बंद करण्याचें ठरविलें.

येथें श्रोत्यानें पहिलें उत्तर दिलें. लोकांनीं व रेडिओचे संच विकणाऱ्या व्यापाऱ्यांनीं इतका गिल्ला केला कीं सरकारला महिन्याभरांतच निर्णय फिरवावा लागला. संचांवरील आयात जकात वाढवून पैशाची तरतूद झाली आणि १९३२ सालीं ही सेवा कायम ठेवण्याचें ठरलें. मूठभर लोकांच्या या हट्टामुळें पुढच्या पिढ्यांना रेडिओ मिळाला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

१९३५ च्या ऑगस्टमध्यें लायोनेल फील्डन हे बी.बी.सी.मधील गृहस्थ या खात्याचे प्रमुख म्हणून आले. १ जानेवारी १९३६ रोजीं दिल्ली केंद्र सुरू झालें, आणि ८ जून १९३६ पासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव रूढ झालें. स्वातंत्र्य आलें त्या दिवशीं भारताच्या वांट्यास सहा केंद्रें होतीं: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली व लखनौ. देशाच्या शंभरांतील अकरा माणसांपर्यंतच तीं पोहोंचत. त्याच १९४७ सालीं १२ नोव्हेंबर रोजीं, दिवाळीच्या दिवशीं, महात्मा गांधी दिल्लीच्या केंद्रांत आले व कुरुक्षेत्राच्या छावणींतील निर्वासितांना उद्देशून बोलले. त्या केंद्रांत ते आले ते तेवढेच.

स्वतंत्र देशाच्या या वाणीनें काय बोलावें हा प्रश्न मग उभा राहिला, आणि त्याचें उत्तर देण्याचें काम एका मराठी गृहस्थावर पडलें. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून १९६२ पर्यंत नभोवाणी खात्याचे मंत्री होते. रागदारी संगीतावर त्यांची निस्सीम भक्ति होती. राजेरजवाडे गेल्यावर गवयांना आश्रय कोण देणार, याचें उत्तर त्यांनीं ‘आकाशवाणी’ असें दिलें. १९५२ च्या जुलैमध्यें संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन भरूं लागलें. हें ऋण मोठें आहे; तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु याच केसकरांना चित्रपटांतील गाणीं हीन वाटत. त्यांनीं तीं इतकीं आवळलीं, आणि चित्रपटाचें नांव सांगण्यासहि इतकी आडकाठी केली, कीं निर्मात्यांशीं वाद होऊन कांहीं काळ तीं गाणीं राष्ट्रीय रेडिओवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. अशी शिस्त या संस्थेंत अगोदरचीच होती. बाजाच्या पेटींत आपल्या श्रुति निघत नाहींत म्हणून १९४० सालींच तिला केंद्राबाहेर काढण्यांत आलें होतें, व ती बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडलें. ज्या महाराष्ट्राचें नाट्यसंगीत नि कीर्तन पेटीवर पोसलेलें, त्याला हें कसें लागलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां श्रोत्यानें काय केलें? कंसाला जें शक्य नव्हतें तें त्यानें केलें. त्यानें कांटा फिरविला. कोलंबो येथें १९२५ पासून रेडिओ केंद्र होतें, व दुसऱ्या महायुद्धांत सैन्यासाठीं बसविलेलें मोठें लघुलहरी यंत्र तेथें मागें राहिलें होतें. त्यावरून ‘रेडिओ सिलोन’चा आवाज साऱ्या हिंदुस्थानांत खणखणीत ऐकूं येई. ३ डिसेंबर १९५२ रोजीं तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईंत बोलत, तें ध्वनिमुद्रण विमानानें कोलंबोस जाई, आणि बुधवारीं रात्रीं आठ वाजतां तेंच बोलणें समुद्र ओलांडून आपल्याच घरीं येई! शेवटीं सरकारनें चूक ओळखली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं ‘विविध भारती’ सुरू झाली आणि परदेशीं गेलेलीं गाणीं स्वदेशीं परत आलीं.

सरकारनें आपली चूक सुधारली. आमच्या घरानें मात्र नाहीं. ही गोष्ट सांगावी कीं न सांगावी याचा मी पुष्कळ विचार केला. आमचे तीर्थरूप अण्णा केसकरांच्याच वळणाचे होते. माजघरांतील फळीवर, विणलेल्या आच्छादनाखालीं आमचा रेडिओ असे. त्याच्या परवान्याचें पुस्तक पोस्टांत नेऊन पैसे भरणें हें काम अण्णा स्वतः करीत. बातम्या, कीर्तन व रात्रींचें गायन एवढेंच त्यावर ऐकावयाचें असा दंडक होता. बुधवारीं अण्णा प्रवचनास जात. तेवढ्या वेळांत माझी थोरली बहीण, आक्का, कांटा सिलोनवर नेई, आवाज अगदीं बारीक करून कान कापडाला लावी, आणि गाण्यांचे क्रमांक गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवी. मग कांटा पुन्हां होता त्या जागीं.

१९६८ सालची गोष्ट. मी आठ वर्षांचा होतों, आक्का सोळांची. मीं तें अण्णांना सांगितलें. मला वाटलें, मीं खरें बोललों म्हणून शाबासकी मिळेल. अण्णा रागावले नाहींत. त्यांनीं कांटा फिरविण्याची खुंटी उपसून काढली आणि आपल्या कोटाच्या खिशांत ठेविली. त्यानंतर ते घरीं असल्यावांचून आमचा रेडिओ बोलला नाहीं. दोन वर्षांनीं आक्काचें लग्न झालें. त्या वहीचें पुढें काय झालें तें मीं कधीं विचारलें नाहीं.

वास्तविक पाहतां उपदेश आणि आनंद यांचें वैर नसतें, हें त्याच आकाशवाणीनें आमच्या पुण्यांतूनच दाखवून दिलें होतें. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, सीताकांत लाड यांच्या पुढाकारानें ‘गीतरामायण’ सुरू झालें. ग. दि. माडगूळकरांचे शब्द व सुधीर फडके यांच्या चाली. दर आठवड्यास एक याप्रमाणें वर्षभरांत छप्पन्न गीतें झालीं. अण्णा त्या सकाळीं स्नान करून रेडिओसमोर बसत, असें आई सांगे. पुढें १९५६ सालीं याच पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें आणखी एक प्रयोग केला. सुमारें दीडशें खेड्यांत शेतकऱ्यांचीं मंडळें स्थापन झालीं. आठवड्यांतून दोनदां, असे दहा आठवडे, मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत, आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. त्या प्रश्नांचीं उत्तरें पुढच्या कार्यक्रमांत मिळत. १९५९ पासून हीच योजना देशभर नेण्यांत आली. आकाशांतील वाणी खालच्या माणसाला प्रथमच म्हणाली, ‘तुझें काय म्हणणें आहे?’

हा प्रश्न विचारावयाचें विसरलें म्हणजे काय होतें तेंहि आपण पाहिलें आहे. २६ जून १९७५ च्या सकाळीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं आणीबाणीची वार्ता याच आकाशवाणीवरून देशाला सांगितली, आणि त्यानंतर सुमारें पावणेदोन वर्षें तिच्यावर सरकारच्या स्तुतीवांचून दुसरें फारसें ऐकूं आलें नाहीं. लोकांनीं तिला ‘ऑल इंदिरा रेडिओ’ असें नांव ठेविलें आणि कित्येकांनीं खऱ्या बातमीसाठीं बी.बी.सी.कडे कांटा वळविला. तो अनुभव ध्यानीं ठेवूनच पुढें १९९० सालीं ‘प्रसार भारती’चा कायदा झाला, पण तो अमलांत यावयास १९९७ साल उजाडलें. केंद्रें सहांवरून शेंकड्यांवर गेलीं. आवाज जवळजवळ प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोंचला. २०२३ सालीं ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें जुनें इंग्रजी नांवहि गळून एकटी ‘आकाशवाणी’ उरली. आवाज किती दूर जातो हें मोजतां येतें. ऐकणाऱ्याचें किती ऐकिलें जातें हें मोजणें कठीण.

आतां माझ्यापुरतें थोडें. ३० जून १९७४ पासून आकाशवाणीनें संस्कृत वार्ता सुरू केल्या. मला त्या भाषेचें वेड. मी तो पांच मिनिटांचा पाठ कधीं चुकवीत नसें, आणि अण्णांनीं त्यासाठीं खुंटी खुशाल दिली होती. आक्का माहेरीं आली म्हणजे माझ्याजवळ येऊन बसे. तिला संस्कृत येत नव्हतें. ती विचारी, “काय सांगताहेत रे? मला समजावून सांग.” मीं सांगावें, तिनें मन लावून ऐकावें. तेव्हां मला त्यांत विशेष कांहीं वाटलें नाहीं.

गेल्या महिन्यांत ती आमच्याकडे आली होती. आतां तिनें सत्तरी ओलांडली आहे. अण्णांचें कपाट आवरतांना ती खुंटी सांपडली. ती पाहून मला राहवेना. साठ वर्षांच्या आसपास मनांत दडवून ठेविलेलें मीं तिला सांगितलें: “आक्का, अण्णांना तें मीं सांगितलें होतें.”

ती म्हणाली, “मला त्याच रात्रीं कळलें होतें. तूं लहान होतास. रेडिओ बंद झाला याचेंहि मला तितकें वाटलें नाहीं. पण अण्णांनीं एकदां तरी विचारायचें होतें, ‘काय ऐकतेस तूं? मलाहि ऐकव.’ मी त्यांना एक गाणें असें ऐकविलें असतें कीं त्यांनीं खालीं मान घालून कबूल केलें असतें, त्यांत राग आहे म्हणून.”

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. छत्तीस वर्षें मीं वर्गांत मुलांना पुष्कळ ऐकविलें. त्यांनीं गुणगुणलेल्या गाण्याबद्दल किती वेळां छडी उगारली याची गणती नाहीं. त्यांना ‘हें तुला कां आवडतें?’ असें किती वेळां विचारलें, हें मात्र मला बोटांवर मोजतां येईल.

वाचकहो, आजच्या घरांत कोणी कोणाच्या रेडिओची खुंटी काढीत नाहीं. प्रत्येकाच्या कानांत त्याचें स्वतंत्र यंत्र आहे, आणि तो काय ऐकतो यांत कोणी आडवें येत नाहीं. याला आपण स्वातंत्र्य म्हणतों, व तें आहेहि. परंतु अण्णांनीं जें केलें नाहीं तें आपणहि करीत नाहीं. त्यांनीं बंदी घातली व विचारलें नाहीं. आपण बंदी घालीत नाहीं व विचारीतहि नाहीं. शेजारीं बसलेल्या मुलीच्या कानांत काय वाजतें आहे, हें तिच्या आईबापांना ठाऊक नसतें, आणि आजोबांच्या जुन्या रेडिओवर सकाळीं काय लागतें हें नातवाला ठाऊक नसतें.

आक्का परत जातांना मीं ती खुंटी संचाला बसविली. विविध भारती लागली होती. ती ऐकत उभी राहिली आणि मीं तिला विचारलें, “हें कोणाचें गाणें?” तिनें सांगितलें, मग आणखी सांगितलें, आणि तिची गाडी चुकली. ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं गेली.